बसवून घ्यायचा आठवडा

वेग हाच या युगाचा धर्म आहे, हे भास्कर कडूंना पूर्ण पटलं होतं; फक्त चिमटीतल्या रॅमच्या पट्टीवर शेंगदाण्याच्या चटणीचं बोट उमटलं होतं, आणि ते लुंगीला पुसावं की नाही हे पाच मिनिटं ठरत नव्हतं. पट्टीवर सहा हजार लिहिलेलं, खाली बारीक अक्षरांत तीस. टेबलावरच्या दुसऱ्या जोडीवर चौसष्टशे आणि छत्तीस. पहिला आकडा वेगाचा, मोठा असेल तितका बरा. दुसरा ताटकळण्याचा — मागितल्यापासून हातात पडेपर्यंतचा — लहान असेल तितका बरा. गणित मांडलं की पहिली दहा नॅनोसेकंद ताटकळवते, दुसरी सव्वाअकरा... एवढ्यात पापणीसुद्धा लवत नाही. कडूंचं जेवण मात्र अर्धवट राहिलं होतं.

कारण मुलगी हिमानी आज संध्याकाळी सुरतच्या कंपनीला नोकरीसाठी हो किंवा नाही कळवणार होती. घरी बसून ती साड्यांची डिझाइनं काढायची. जुन्या कॉम्प्युटरवर तिची मोठी फाइल उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. म्हणून नवा जोडला. मशीन धावलं तर पोरगी इथे घरी, शनवाऱ्यातच राहील — हे कडू कुणाजवळ बोलले नव्हते, ते फक्त तुलना करत होते. दुकानदार अक्षयने दोन्ही जोड्या आठवड्याच्या बोलीवर दिल्या होत्या. एक आज परत करायची होती.

पट्ट्या बदलल्या, फाइल उघडली. एकेचाळीस सेकंद. पुन्हा बदलल्या. एकेचाळीस.

"अहो," कौशल्याबाई दारातून म्हणाल्या, "पोरगी विचारून राहिली, जाऊ का म्हणून. अन् तुम्ही त्या पट्ट्या घेऊन बसले."

"विचार करतोय."

"तिनं विचारलं तेव्हा गुरुवार होता. आज मंगळवार."

पाच दिवस म्हणजे किती नॅनोसेकंद, हा हिशेब त्यांनी मनात मांडला आणि अर्ध्यात सोडला. काय सांगू मी तिला? राहा म्हणालो तर राहील ती, हूं की चूं करणार नाही... आणि मग रोज संध्याकाळी तिच्या तोंडाकडे कोण बघेल? जा म्हणालो तर — पण आधी कोणती जोडी ठेवायची ते तर ठरू दे.

अक्षयचा फोन आला. "काका, कौनसी रखी? बायोसमध्ये वेगाची प्रोफाइल चालू केली होती ना?"

"नाही. नवी मशीन आहे. आठवडाभर सावकाश चालवायची, बसू द्यायची." वडिलांनी प्रत्येक नवा लूम असाच बसवला होता, पहिला आठवडा अर्ध्या वेगात, घाई केली की धागे तुटतात, बाप्पा.

"अरे काका, ये लूम थोडी है! प्रोफाइल बंद म्हणजे दोन्ही अठ्ठेचाळीसशेवरच चालल्या. आठवडाभर तुम्ही एकच चीज मोजून राहिले."

कडूंनी प्रोफाइल चालू केली. छत्तीस सेकंद. आनंद झाला, त्याची लगेच लाज वाटली, तरी हाक मारलीच. हिमानी ओले केस पंच्यात गुंडाळून आली, पडद्याकडे बघत उभी राहिली.

"छान आहे, पप्पा."

आता विचारेल, असं त्यांना वाटलं. तिनं विचारलं नाही. खोलीत पंखा फिरत होता, आणि आपण कशाची वाट बघतोय हे कडूंना एकाएकी नीट कळेनासं झालं — पट्टीवरचा चटणीचा डाग पुसून झाला होता, मोजायला काही उरलं नव्हतं...

"तू सुरतला कंपनीच्या परीक्षेला गेलीस तेव्हा तिकडच्या मशीनवर उघडली होतीस ना ही फाइल?" त्यांनी विचारलं. आठवड्यात त्यांनी तिला विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. "किती सेकंद लागले?"

"अकरा."