बंडूभियाच्या तेलाचा आकडा

दीनाने बाटलीचं झाकण उघडलं आणि मी तोंड फिरवलं. जुन्या तळणीच्या तेलाचा वास नाकात थांबत नाही, घशात जाऊन बसतो. बाटलीवर बाहेरून ओघळ आलेले, ओघळांवर धूळ चिकटलेली, तळाशी काळा गाळ. टेबलावर ठेवली तिथे गोल डाग उमटला.

"सर, हे बंडूभियाचं," ती म्हणाली. "बाकीच्या तीन कचोरीच्या गाड्यांचं पिशवीत आहे."

धम्मदीना बारावीत आहे. आमच्या इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या घरात वरच्या मजल्यावर राहते, सगळे तिला दीनाच म्हणतात. मी ज्या शाळेत पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्याच शाळेत ती जाते. बारावीच्या मुलांना एक प्रोजेक्ट करावा लागतो आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरचे परीक्षक त्यावर प्रश्न विचारतात. करावा लागतो असं म्हणायचं. खरं तर तो झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, बाइंडिंगसकट. दीनाच्या एका मैत्रिणीची फाइल मी पाहिली. पहिल्या पानावर आधीच्या मुलाचं नाव व्हाइटनरने पुसलेलं, उजेडात धरलं की खालून दिसत होतं. आतले आकडे त्याचेच. त्या मुलानेही ते कुणाकडून घेतले असतील देव जाणे. ती गुळगुळीत, चकचकीत फाइल मला हातात धरवेना.

दीना म्हणाली, मला अशी नको, माझी मी मोजणार. म्हणून हे तेल.

तळून तळून तेल बिघडलं की त्यातलं आम्ल वाढतं. ते मोजायची रीत सोपी आहे. तेल स्पिरिटमध्ये घालून कोमट करायचं, हलवायचं, रंग दाखवणारे दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून, म्हणजे आकडे कोरलेल्या नळीतून, कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडायचं. गुलाबी रंग टिकला की थांबायचं. जितका सोडा लागला तितकं तेल खराब.

पण काळ्या तेलात गुलाबी दिसणार कसं? पहिले तीन दिवस आम्ही नुसते चिखलात डोळे घालून बसलो. शेवटी मी तिला म्हटलं, "हलवलंस की फ्लास्क खाली ठेव. तेल तळाशी जाऊ दे. वरचं स्पिरिट निवळलं की त्यात रंग बघ."

"दर थेंबाला?"

"दर थेंबाला."

"सर, असं तर बोर्डाचा पेपर येऊन जाईल."

तरी ती थांबायला शिकली. आठवडाभर संध्याकाळी आमच्या मागच्या व्हरांड्यात हेच चाललं. माझ्या बायकोने, सरोजिनीने, तिथले वाळत घातलेले कपडे उचलून नेले. म्हणाली, टॉवेलला कचोरीचा वास मारतो. दीनाने प्रत्येक तेल तीनतीनदा मोजलं. दोन गाड्यांचं २.८ आणि २.९ मिलीलिटर आलं, बड्या गणपतीकडच्या एका गाडीचं ५.६, आणि बंडूभियाचं ३.३.

"बघ," मी म्हटलं. "मी म्हणत नव्हतो?"

दोन वर्षांपूर्वी बंडूच्या गाडीवर माझ्या चटणीत माशी निघाली होती. तेव्हापासून सकाळी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आलो की त्याचं तेल म्हणजे विष आहे. आता माझ्याकडे आकडा होता. मी तो दुसऱ्याच दिवशी बागेत चार जणांना ऐकवला.

शाळेत रसायन शिकवणारा सुजय माझाच विद्यार्थी. आकडे बघून तो खूश झाला. दोनच्या वर गेलं की तेल खराब धरायचं, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं, म्हणजे चारही गाड्या खराब. शनिवारी शाळेत प्रदर्शन होतं, एक वार्ताहर येणार होता. सुजयने फ्लेक्स करायला दिला. वर लाल अक्षरात 'इंदौर क्या खा रहा है?', शेजारी कवटी, खाली चारही गाड्यांचे फोटो. बंडू त्यात झाऱ्या हातात धरून हसत होता.

गुरुवारी दीना वही घेऊन खाली आली. बसली नाही.

"आईने आज नवीन पाऊच फोडला, तर सहज मोजलं. दोन पॉइंट चार."

"ताज्या तेलाचं? काहीतरी चुकलं तुझं."

"तीनदा केलं." ती ओठ चावत होती. "सर, तेल घातलंच नाही तर? नुसतं स्पिरिट?"

अकरावीतल्या पोराला पहिल्या आठवड्यात हेच सांगायचं असतं: जे मोजायचं ते न घालता एकदा मोजून बघ, मग कळतं भांड्यात आधीपासून काय आहे. पस्तीस वर्षं सांगितलं. या वेळी सांगितलं नाही, कारण आकडे मला आवडले होते. आणि ते स्पिरिट मीच दिलेलं होतं. माझ्या कपाटातली सहासात वर्षांची जुनी बाटली, अर्धी रिकामी, बूच सैल झालेलं; असं स्पिरिट हवेने आंबत जातं.

आम्ही नुसतं स्पिरिट मोजलं. सोडा पडत राहिला, रंग येऊन जात राहिला, आणि २.१ वर टिकला.

दीनाने वहीत वजाबाक्या केल्या. ताजं तेल ०.३. दोन गाड्या ०.७ आणि ०.८. बंडूभिया १.२. दोनच्या वर राहिली एकच, गणपतीकडची, ३.५. तेलाची मला जेवढी शिसारी आली होती, त्याहून जास्त त्या 'बघ, मी म्हणत नव्हतो'ची आली. बागेतले चार जण आतापर्यंत आणखी दहांना सांगून मोकळे झाले असतील.

शुक्रवारी दीनाबरोबर मीही शाळेत गेलो. सुजयने वही चाळली आणि फ्लेक्सच्या गुंडाळीवर हात ठेवला.

"सर, हा छापून आला आहे."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "स्पिरिट माझं होतं."

"अहो, पण थोडं आम्ल तर निघालंच ना? इतना तो चलता है, सर. पॉइंट सात बघायला कोण येईल? लोकांना काहीतरी दिसायला पाहिजे."

"कवटी?" दीना म्हणाली.

"तू मध्ये बोलू नको. हे बघ बेटा, प्रोजेक्टचे मार्क कोण लावतं ते मी सांगायला नको."

दीनाचा चेहरा उतरला. तिला पुढे रसायनच घ्यायचं होतं आणि एकेक मार्क हवा होता. तिने वही सुजयच्या समोरून उचलली, छातीशी धरली.

"फाइलमध्ये दोन्ही तक्ते लावीन, चुकलेला पण. फ्लेक्सपाशी मी उभी राहणार नाही, सर. तुम्ही दुसऱ्या कुणाला उभं करा."

दुसरं कोण उभं राहणार? कुणालाच काही सांगता आलं नसतं. फ्लेक्स कपाटामागे गेला आणि दीनाच्या टेबलावर नववीच्या मुलांनी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालून ज्वालामुखी केला. वार्ताहराने त्याचा फोटो काढला. दीनाला कुणी विचारलं नाही.

पुढच्या बुधवारी प्रॅक्टिकल झालं. दुपारी ती सरळ आमच्याकडेच आली, दप्तरसुद्धा वर ठेवलं नव्हतं.

"अंबिका मॅडम म्हणून आल्या होत्या बाहेरच्या. फाइल उघडली आणि म्हणाल्या, ही तेलकट आहे. मी म्हटलं, हो मॅडम. तर म्हणाल्या, सकाळपासून बाकीच्या फारच स्वच्छ होत्या."

"मग?"

"दोन तक्ते का, विचारलं. सांगितलं सगळं. तर म्हणाल्या, ते स्पिरिट आणलं आहेस? करून दाखव. सुजय सर घड्याळ बघत होते, मॅडम, बच्चे बाकी हैं म्हणून. पण मॅडम स्टूल ओढून बसल्याच. मी थेंब सोडला, हलवलं, थांबले. परत थेंब, परत थांबले. एकदम दोन पॉइंट झिरोला टिकला."

"दोन पॉइंट एक नाही?"

"नाही ना. तेच तर." तिला हसू आवरेना. "सुजय सर मागून हळूच म्हणतात, दोन-एक लिख दे, फाइल में वही है. एकदम कानापाशी. मी दोन पॉइंट झिरोच लिहिलं. मॅडमनी स्वतः वाकून ब्युरेट पाहिली. सही केली आणि म्हणाल्या, मार्क मी लावते. तीसपैकी तीस, सर."

सरोजिनीने तिच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. दीना खाता खाता पुन्हा सुजयची नक्कल करायला लागली, मान वाकडी, आवाज दबका. अगदी हुबेहूब होती.

"ते त्याला मी शिकवलं," मी म्हटलं.

तिचा चमचा थांबला.

"त्याच्या बारावीच्या प्रॅक्टिकलला. शाळेचा निकाल चांगला लागावा म्हणून आम्ही सगळेच मुलांना हवा तो आकडा सांगायचो. त्याचं रीडिंग अकरा पॉइंट तीन आलं होतं. मी मागून गेलो आणि कानात म्हटलं, अकरा लिही."

दीनाने बशी खाली ठेवली.

"आणि खरं काय होतं, सर? अकरा की अकरा पॉइंट तीन?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी ब्युरेट पाहिलीच नव्हती."