मतभेदाचा रकाना

"फ्रीज उघडू ना?" असं विचारता विचारताच दत्तक संस्थेच्या मॅडमनी फ्रीज उघडला. आत दूध, अंडी, कोबीचा अर्धा गड्डा अशी सगळी मंडळी रांगेत शिस्तीत उभी होती. काटेवाल्याने सकाळीच त्यांना तसं उभं केलं होतं. मॅडमनी औषधांच्या कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं, खिडकीचे गज मोजले, गॅसच्या नळीवरची तारीख वाचली. दुकानादुकानांतून वजनकाटे दुरुस्त करत फिरण्यात ज्याची उमर गेली, त्याला तपासणीचं भय नसतं. काटा शून्यावर आला की झालं. आणि हे घर तर गेली तीन वर्षं शून्यावरच होतं.

दोघी बहिणी आठ महिन्यांपूर्वी काटेवाल्याकडे नि त्याच्या बायकोकडे संस्थेतून सांभाळायला आल्या होत्या. मोठी नऊ वर्षांची, धाकटी पाच. आता त्या कायमच्या दत्तक मिळाव्यात म्हणून ही घराची पाहणी. अहवाल चांगला गेला तर कागद कोर्टात जाणार, नाहीतर मुली दुसऱ्या घरी. आत्तापर्यंत त्यांची तीन घरं झाली होती. हे चौथं.

शेवटी मॅडम टेबलाशी बसल्या आणि फॉर्म पुढे ओढून म्हणाल्या, "तुमच्यात मतभेद झाले तर कसे मिटवता?"

"होत नाहीत," काटेवाला म्हणाला.

"कधीच?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती कपाचा कान न्याहाळत होती.

"वेळ मिळत नाही," ती म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे बघा दादा, भांडणारी घरं मी कितीतरी पास केलीत. न भांडणारी दोन केली. दोन्हीकडून पोरं परत आली. हा रकाना रिकामा ठेवून मला अहवाल पाठवता येत नाही. मंगळवारी चारला येते. एखादं उदाहरण आठवून ठेवा. खरं."

मंगळवारी साडेतीनला दोघं उदाहरण शोधायला बसली. मुली आतल्या खोलीत चित्रं रंगवत होत्या.

"पंख्याचं सांगू या का? मला हवा लागते, तुला सोसत नाही."

"त्यावर कधी भांडलो? तुम्ही लावता, मी पांघरूण घेते."

"तुझ्या भावाचं?"

"तो तर तुम्हाला आवडतो."

"मग बहिणीचं."

"ती मलाच आवडत नाही."

बावीस वर्षांच्या संसारात एक धड भांडण निघेना. शेजारी रोज ढिगाने होत होती, पण उसनं मागायचं कोणत्या तोंडाने?

"बारकीचं सांगू?" बायको म्हणाली.

बारकी अकरा दिवसांची असताना त्यांच्याकडे सांभाळायला आली आणि चौदा महिन्यांनी परत गेली, कारण तिची आई आता सावरली होती. सगळं रीतसर झालं. कोणाचीच चूक नव्हती. त्यानंतर तीन वर्षं या घरात तिचं नाव निघालं नव्हतं.

"त्यात भांडण कुठं झालं?"

"नाही झालं. तेच तर म्हणते. तुम्ही तिची झबली घड्या घालून भरलीत. दात येताहेत अशी चिठ्ठी लिहिलीत. गिऱ्हाइकाला काटा परत करावा तशी दिलीत तिला."

"मग काय फेकून द्यायची होती?"

"रडायचं होतं! एकदा! माझ्यासमोर!"

"आणि तू? तू बाथरूममध्ये नळ सोडून बसलीस. ती दारात मान वळवून वळवून तुला शोधत होती. ते मी बघितलं. एकट्याने!"

"मग तीन वर्षं बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस?"

त्याने टेबलावर हात आपटला. आपल्याला एवढा आवाज आहे हे दोघांनाही नवीनच होतं. तेवढ्यात बेल वाजली.

दोघं दाराशी पोचायच्या आत दार उघडलं गेलं होतं. मोठी आणि धाकटी बूट घालून उभ्या होत्या, मोठीच्या पाठीला दप्तर. बाहेर मॅडम.

"आम्ही तयार आहोत," मोठी त्यांना म्हणाली. बस आली असं सांगावं, तितक्या सहज. "धाकटीची शू पण करून झालीय. वाटेत थांबायला नको."

मॅडमनी आत येऊन सगळ्यांचे चेहरे पाहिले. "भांडण झालं?"

"हो," बायको म्हणाली. "तीन वर्षांचं."

"मिटलं?"

काटेवाल्याला हो म्हणता आलं असतं. "नाही," तो म्हणाला. "ते चालेल अजून. पण पोरी कुठे जाणार नाहीत."

बायको मोठीकडे वळली. "आम्ही एकमेकांवर ओरडत होतो गं. तुमच्यावर नाही."

"मागच्या घरी पण असंच म्हणाले होते."

मॅडमनी खुर्ची ओढली, रकान्यात दोन ओळी लिहिल्या आणि पान उलटलं. "सावकाश होऊ द्या तुमचं. मग दोघांच्या सह्या लागतील. अहवाल उद्याच पाठवते."

काटेवाला फरशीवर बसून धाकटीच्या बुटाची नाडी सोडू लागला. एका गाठीवर दुसरी, तिच्यावर तिसरी.

"एवढी घट्ट कोणी मारली?"

"मी," मोठी म्हणाली. "रस्त्यात सुटली तर कोणी थांबत नाही."

तो नखाने गाठ उकरत राहिला. थोड्या वेळाने बायको त्याच्या शेजारी येऊन बसली आणि तिने दुसरा बूट घेतला. धाकटी दोघांच्या डोक्यांवर एकेक हात टेकवून तोल सांभाळत होती. मोठी दप्तर न काढता तिथेच उभी होती, गाठी सुटताहेत का ते बघत.