धक्क्यावर दिवली, भाग दुसरा

सुमंगलेने हातातले कागद मांडीवर उपडे घातले आणि चष्मा काढून तो पदराने पुसायला घेतला.

"ह्यां वाक्य माझ्या तोंडात बसणा नाय, गोकुळदासबाब."

"खयचां?"

"शेवटचां. 'आलात? किती वाट पाहायला लावलीत!' ह्यां."

देवळाच्या सभामंडपात दुपारची तालीम चालली होती. मंडळाचा सचिव साईश शिडीवर चढून नवे दिवे बांधत होता. विठू खांबाला टेकून, चहात बुडवलेला उंडो चावत बसला होता. त्याने तोंडातला पाव गिळला.

"म्हणान टाक गो एकदा. पंचवीस वर्सां माझी वाट बघीत उबी रवलस. आता मी इलंय तर तोंड फिरवतंस?"

"तू तेवा इलंस नाय तांच बरां झालां," सुमंगला म्हणाली.

शिडीवरून साईश हसला. गोकुळदास हसले नाहीत. त्यांनी आपल्या प्रतीत त्या वाक्याखाली पेन्सिलीने उगाच एक रेघ ओढली.

ती गोष्ट अख्ख्या पेडणे तालुक्याला ठाऊक होती. 'धक्क्यावर दिवली' हे त्यांचं नाटक पहिल्यांदा उभं राहिलं, तेव्हा ते पेडण्याच्या पोस्टात कारकून होते. नाटकातल्या सावळीचा नवरा बोटीवर जातो आणि वर्षानुवर्षं त्याचा पत्ता लागत नाही. शेवटच्या प्रवेशात सावळी संध्याकाळी फेरीबोटीच्या धक्क्यावर दिवली घेऊन जाते आणि नवरा परत येतो, असं त्यांनी लिहिलं होतं. नवऱ्याचं काम विठूकडे होतं. विठू तेव्हा डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा. त्या दिवशी खनिजाच्या ट्रकांची रांग अडकली ती सुटेचना. विठूचं काम फक्त पहिल्या आणि शेवटच्या प्रवेशात. पहिला कसाबसा दुसऱ्याकडून निभावून नेला, शेवटचाही तसाच न्यायचा ठरला होता. पण तो दुसरा ऐन वेळी घाबरला आणि विंगेतून बाहेरच पडला नाही.

सुमंगला दिवली घेऊन उभी राहिली. नुसती उभी. पडदा ओढणाऱ्याला काय करावं कळेना. त्या दिवशी देवळात दिवजांचा उत्सव होता. सवाष्ण बायका पाच वातींची मातीची दिवजं हातात घेऊन देवाला फेऱ्या घालून आलेल्या, पेटती दिवजं घेऊनच नाटकाला बसलेल्या. त्यातली एक म्हातारी उठली, पुढे गेली आणि तिने आपलं दिवज मंचाच्या काठावर ठेवलं. तिचा मुलगा बोटीवर होता. मग दुसरी उठली. जिचं जिचं माणूस दूर होतं ती ती उठली. पडदा पडला तेव्हा मंचाच्या काठावर दिव्यांची ओळ होती आणि सभामंडपात कोणी टाळीही वाजवली नव्हती.

तेव्हापासून दरवर्षी दिवजांच्या संध्याकाळी तेच नाटक व्हायचं आणि तसंच संपायचं. लोक म्हापशाहून यायचे, वाळपईहून यायचे. गोकुळदासांनी नंतर आणखी चार नाटकं लिहिली. त्यांची नावं आता गावातही कोणाच्या लक्षात नव्हती. आणि जे एक नाटक लक्षात होतं, त्याचं शेवटचं पान एका ट्रकवाल्याला उशीर झाला म्हणून गाळलेलं होतं. विठू हे दर लग्नात, दर बारशात सांगायचा: "नाटक गाजलां ता माझ्यामुळे. हार माका घालूक व्हयो होतो." लोक हसायचे. गोकुळदासही हसायचे.

म्हणून साईश जेव्हा म्हणाला, "काका, फुडे काय झालां तां सगळे विचारतत, भाग दुसरो लिवा," तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही. ते पान अजून त्यांच्याकडे होतं. त्याच्या मागेपुढे त्यांनी तीन अंक बांधले.

"गोकुळदासबाब," सुमंगला म्हणाली, "तो येणा नाय म्हणान तर बायलो दिवे घेऊन येतत. आता तो इलो, तर तेंनी दिवे खंय ठेवूचे?"

"पंचवीस वर्सां नाटक अर्ध्यावर सोडलंव आमी. पुरां करूक नको?"

"तां पुरांच आसा."

"लिवणारो मी आसंय," गोकुळदास म्हणाले. आवाज त्यांना हवा होता त्याहून मोठा लागला.

सुमंगलेने चष्मा घातला, कागद उचलला आणि वाक्य म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. गोकुळदासांना ते ऐकून बरं वाटायला हवं होतं.

तालीम संपता संपता मालती आली. मंडपाच्या पायरीखाली चपला काढून ती तिथेच उभी राहिली. तिचा नवरा रघुनाथ मालाच्या बोटीवर खलाशी होता. नऊ वर्षांपूर्वी बोटीवरून तो नाहीसा झाला. कंपनीने त्याची बॅग तेवढी पाठवली. मालतीने बॅग घेतली, पण कपाळावरचं कुंकू पुसलं नाही. पहिल्या वर्षी ती दिवज घेऊन देवळात आली तेव्हा चार बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग संध्याकाळी नाटकात सावळी दिवली घेऊन उभी राहिली आणि मालतीने आपलं दिवज काठावर नेऊन ठेवलं. त्यानंतर तिला कोणी काही म्हटलं नाही. सावळीला चालतं, तर हिला का नको, असं काहीतरी गावाने मनाशी ठरवून टाकलं असावं.

"काका, औंदा दिवे खंय ठेवूचे? काठावर तर ह्यांनी वायरी घातल्यानी."

गोकुळदासांनी काठाकडे बघितलं. खरोखरच तिथे साईशच्या दिव्यांच्या वायरी होत्या.

"औंदा शेवट वेगळो आसा, मालती."

"तो येता?"

"येता."

मालती हसली. तिचे वरचे दात किंचित पुढे होते आणि हसताना ती तोंडावर हात धरायची. या वेळी धरला नाही.

"बरां केलास," ती म्हणाली. "कोण तरी येऊक व्हयोच."

ती गेल्यावर गोकुळदासांनी सुमंगलेकडे बघितलं. बघितलंस? असं त्यांना म्हणायचं होतं. सुमंगला पिशवीत चष्म्याचं घर शोधत होती.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, म्हणून दिवजांच्या दिवशी नाटक दिवेलागणीलाच सुरू झालं. सभामंडप भरून बाहेर खुर्च्या लागल्या होत्या. पहिल्या अंकात नवरा परक्या बंदरात तापाने पडला. दुसऱ्या अंकात तो विनाकारण तुरुंगात गेला आणि त्याची पत्रं एका दुष्ट मुकादमाने दाबून ठेवली. गोकुळदास विंगेत उभे राहून ऐकत होते. लोकांनी वर्षानुवर्षं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नाटकात होतं. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर त्यांच्या लक्षात आलं की मंडपात कोणी खोकतंय, कोणी मुलाला पाणी पाजतंय, कोणी वळून शेजारणीला काही सांगतंय. आडवं काही कोणी बोलत नव्हतं. सगळे आदराने बसले होते.

शेवटी विठू आला. या वेळी अगदी वेळेवर आला. साईशने सगळे दिवे एकदम लावले. मंच लख्ख झाला. विठूचं सुटलेलं पोट, सुमंगलेच्या केसांतला पांढरा पट्टा, मागच्या पडद्यावर रंगवलेली नदी, सगळं उघडं पडलं.

"आलात? किती वाट पाहायला लावलीत!" सुमंगला म्हणाली.

विठूने तिचा हात धरला. पडदा पडला. टाळ्या झाल्या, चांगल्या झाल्या. गोकुळदासांनी पडद्याच्या फटीतून खाली बघितलं. बायका पुढ्यातली दिवजं सांभाळत उठत होत्या. एकदोघी मंचापर्यंत आल्या, वायरी बघून घुटमळल्या आणि परत फिरल्या. मालती अजून बसलेली होती. ती मंचाकडे बघत होती, पडदा पडलेला असूनही.

चहाच्या वेळी लोक येऊन भेटले.

"लायटी एकदम बऱ्यो होत्यो, काका."

"मुकादमाचां काम करणारो खयचो?"

"बरां होतां. जरा मोठां होतां, पण बरां होतां."

विठू चहाचा ग्लास घेऊन जवळ आला. गोकुळदास त्याच्या टोमण्याची वाट बघत राहिले. विठूने ग्लास संपवला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला.

सकाळी गोकुळदास मंडपात गेले. मुलं खुर्च्या टेम्पोत भरत होती. मंचाच्या काठावर, वायरींच्या पलीकडे, एकच दिवज ठेवलेलं होतं. पाचही वाती बोटांनी चिमटून शांत केलेल्या. तेल नव्याने घातलेलं, जवळजवळ काठापर्यंत. दिव्याच्या बुडाशी हळदीचं बोट होतं. मालती दरवर्षी आपल्या दिवजाला ते लावायची.

विसरली असेल, असं म्हणत त्यांनी ते उचललं. तिचं घर शेताच्या बांधाला लागून होतं. मालती अंगणात आमसुलं वाळत घालत होती. त्यांना बघून ती उठली, हात झाडले.

"दिवज रवलां तुझां," गोकुळदास म्हणाले.

"रवाक नाय, काका. ठेवलंय." ती त्यांच्या हाताकडे बघत होती. "शेजारच्या सुविधेक द्या. तिचो घोव आता दुबईक जातलो, तिका लागतलां."

तिच्या कपाळाकडे बघायचं गोकुळदासांनी टाळलं.

"नाटक आवडाक नाय तुका?"

"तसां नाय." मालतीने खाली पडलेलं एक आमसूल उचललं, फुंकलं आणि सुपात ठेवलं. "तुमी त्याका हाडलास, बरां केलास. पण तो धक्क्यार इलो तेवा माका वाटलां, माझो असो येवचो नाय. आदी कदी दिसाक नाय तां माका. ती नुसती उबी रवायची ना, तेवा काय पण होवक शकत होतां."

शेतापलीकडून फेरीबोटीचा भोंगा ऐकू आला. दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

"फुडल्या वर्सा पयलांच करूया," गोकुळदास म्हणाले. "जुनां. वायरी काडूक सांगतंय साईशाक."

"करा, काका. मी बघूक येतलंय."

बघूक, ती म्हणाली; दिवज घेऊन येईन, असं नाही. मग तिने सूप उचललं, उन्हाच्या बाजूला सरकवलं आणि परत आमसुलं पसरायला बसली.

गोकुळदास बांधावरून परतले. वाट अरुंद होती आणि दिवज दोन्ही हातांत धरूनही नीट धरता येत नव्हतं. पावलागणिक काठावरचं तेल थोडं थोडं त्यांच्या सदऱ्यावर सांडत होतं.