एका पट्ट्यावर पंचेचाळीस किलोमीटर

माझ्या गाडीला गिअर नाहीत. दांडी पुढं ढकलली की गाडी पुढं, मागं ओढली की मागं, आणि जेवढ्या वेगानं पुढं जाते तेवढ्याच वेगानं मागं. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडं दोन जाड रबरी पट्टे नेतात, डाव्या चाकाला एक, उजव्याला एक. इथंच आमच्या ब्राबांतात, हॉलंडच्या दक्षिणेला, घरून सायकलनं जाता येईल अशा कारखान्यात ती बनली आणि आमच्याच लोकांनी तिला नावं ठेवली. म्हाताऱ्या खुळखुळवायची गाडी, म्हणायचे. चर्चसमोर उभी केली की कुणीतरी विचारायचंच, "काय द्रीका, पट्टे लावलेत की पाटलोणीचं इलॅस्टिक?" मी म्हणायचे, "तुझ्या पाटलोणीत तरी कुठं राहिलंय?" त्या सगळ्यांच्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. त्यांतले बरेच जण स्वतःही गेले. माझी अजून चालते.

गाडी माझ्या नावावर आहे, हेही सांगून ठेवते. लोकांना वाटतं नवऱ्याची म्हणून जपलीय. हारी दुरुस्ती करायचा हे खरं, पण दिवा धरून शेजारी मी उभी असायचे, आणि दिवा धरणाऱ्याला सगळं दिसतं. शाळा मी सहावीत सोडली. सिगारच्या कारखान्यात बसवलं मला, पानं वळायला. डोक्यात फार काही गेलं नाही, बोटं मात्र शहाणी झाली. हारी गेल्यावर कार्बोरेटर मीच उघडला, मीच धुतला, मीच बसवला. प्लग मी साफ करते. वर्षातून दोनदा पट्टे उतरवून डावा उजवीकडं आणि उजवा डावीकडं घालते, म्हणजे सारखे झिजतात. नवे घालायचे तर दोन्ही एकदम, एकाच जोडीतले. एक नवा आणि एक जुना घातला की गाडी एका बाजूला ओढायला लागते.

अशी एक कोरी जोडी माझ्याकडं होती. कपाटाच्या वर, लोकरीच्या पांघरुणांमध्ये, पुठ्ठ्याच्या खोक्यात. गावातला विक्रेता दुकान बंद करत होता तेव्हा हारीनं शेवटची म्हणून आणली. खोकं टेबलावर ठेवून म्हणाला, "हे लीस आली की घालू. समुद्रावर जाऊ पुन्हा."

लीस माझी थोरली. तेवीस वर्षांची असताना नॉर्वेला गेली, बर्गनला, सहा महिन्यांसाठी म्हणून. त्याला चौतीस वर्षं झाली. त्याआधी दर ऑगस्टमध्ये आम्ही झीलंडच्या किनाऱ्यावर जायचो, ती आणि तिचा भाऊ टोन मागच्या सीटवर, मधे पाण्याचा डबा. सीटखालची वाळू नाताळपर्यंत निघायची नाही. मी चिडायचे. आता सीटखाली झाडू घालते तर काही निघत नाही.

रविवारी अकराला तिचा फोन येतो आणि माझी कॉफी निवायच्या आत संपतो. दोन वर्षांतून एकदा स्वतः येते, तीन दिवसांसाठी, विमानतळावरून भाड्याची गाडी घेऊन. एक दिवस टोनकडं, एक दिवस मैत्रिणींकडं, आणि दातांचा डॉक्टर तिचा अजून इथलाच. मला मिळते ती तिथून परत आलेली, तोंड बधिर असलेली. एकदा ती आली तेव्हा पाऊस होता, एकदा हारीच्या खुब्याचं ऑपरेशन, एकदा तिच्यासोबत एक उंच माणूस होता ज्याचे गुडघे आमच्या गाडीत मावेनात. तो पुढच्या खेपेला नव्हता. मग हारी गेला, त्यालाही नऊ वर्षं झाली. दर वसंतात मी खोक्यावरची धूळ पुसली आणि परत ठेवलं. उघडलं नाही. जुन्याच पट्ट्यांवर बाजारहाट केला.

एप्रिलमध्ये फोनवर ती म्हणाली, "आई, मेमध्ये येतेय. सोमवार अख्खा तुझा. आपल्या गाडीनं समुद्रावर जाऊया?"

"बघू," मी म्हणाले. "मला वेळ असला तर."

फोन ठेवला आणि शिडी आणायला गेले.

हूब आमच्या मागच्या गल्लीतला. हारीचा दोस्त, जुन्या गाड्यांच्या मंडळाचा कारभारी, आणि बोलायला लागला की थांबत नाही असा. गाडी जॅकवर चढवायला मला आता दुसरा माणूस लागतो, म्हणून त्याला बोलावलं. त्यानं खोक्यातला पट्टा काढला, नाकाशी नेला, दोन्ही हातांनी वाकवला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"वहिनी, हे तीस वर्षांचं आहे."

"कोरं आहे."

"कोरं आहे, पण रबर आहे. फिरत राहिलेलं रबर टिकतं. पडून राहिलं की आतल्या आत वाळतं. आमच्या मंडळात निम्म्या लोकांनी असंच केलंय, चांगलं सामान चांगल्या दिवसासाठी राखून ठेवायचं, आणि दिवस आला की बघायचं तर हातात भुसा. हे बघा, भेगा."

"त्या घडीच्या खुणा आहेत."

"घडीच्या खुणा चादरीला पडतात, वहिनी."

"हे बघ हूब, माझी मुलगी चौतीस वर्षांनी या गाडीत बसणार. ती झिजलेल्या पट्ट्यांवर बसणार नाही."

"तिला काय खाली वाकून दिसणार आहे?"

"मला माहीत असेल ना."

त्यानं जॅक जवळ ओढला, म्हणजे माझंच बरोबर असं मी धरलं. दोघांनी मिळून पट्टे चढवले. जुने फेकून दे मी म्हणाले, तर बरं म्हणाला आणि आपल्या व्हॅनमध्ये टाकून घेऊन गेला.

सोमवारी लीस सकाळी नऊला आली. केस कापून अगदी आखूड केलेले, पांढरे तसेच ठेवलेले. मी म्हणाले, "रंग संपला का तिकडं?" ती म्हणाली, "तू पण छान दिसतेयस, आई." मी सॉसेज भरलेले पाव करून फडक्यात बांधले होते, थर्मासमध्ये कॉफी होती. गाडीचं दार उघडून ती नुसती उभी राहिली. वास घेत होती बहुतेक.

मोठ्या रस्त्यानं मी गेलेच नाही. तिथं ट्रकवाले माझ्या मागं येऊन हॉर्न वाजवतात. कालव्याच्या कडेनं, पॉप्लरच्या रांगांमधून गेलो. शेतात बायका वाकून पांढरं ॲस्पॅरॅगस काढत होत्या. मी चालवत होते, लीस शेजारी. फोन तिनं पिशवीत टाकला होता आणि पिशवी मागच्या सीटवर.

"टोनला या वळणावर उलटी व्हायची," ती म्हणाली.

"या नाही, पुढच्या. आणि तू त्याला मुद्दाम चीज खायला द्यायचीस."

"तुला माहीत होतं?"

"मी आरशात बघत असायचे."

ती इतकी हसली की डोळे पुसायला लागले तिला. फोनवर ती हसते तेव्हा कुणीतरी शेजारच्या खोलीत असल्यासारखं हसते. हे तसं नव्हतं. मला वाटलं, अजून शंभर किलोमीटर आहेत. मग किनारा, मग परतीचे दीडशे. मनातल्या मनात मी तेच मोजत होते.

हिल्वारेनबेक गाव ओलांडलं आणि सीटखाली धाडकन काहीतरी आपटलं. मग धाड धाड धाड, आणि जळक्या रबराचा वास. गाडी कडेला घेतली. लीस गवतावर आडवी होऊन खाली डोकावली.

"आई, इथं माकडाच्या शेपटीसारखं काहीतरी लोंबतंय."

डावा पट्टा होता. तुकडे तुकडे झालेला, वाळलेल्या सालीसारखा. उजवा शाबूत होता, पण त्यावर मी बोट फिरवलं तर प्रत्येक भेगेत नख जात होतं. हूबला घडीच्या खुणा म्हणाले होते मी.

चराच्या कडेला बसले. लीसनं कॉफी ओतली, माझ्या हातात दिली.

"नवे होते ना?" तिनं विचारलं.

"कोरे होते. तीस वर्षं कपाटावर होते."

"तीस वर्षं? कशासाठी?"

कॉफी गरम होती, मी फुंकत बसले. मग सांगितलं. हारीनं आणले तेव्हा काय म्हणाला ते, आणि पाऊस, आणि खुबा, आणि गुडघेवाला माणूस. ती आधी हसली. मग हसायची थांबली.

"आई, मी पंधरा-सोळा वेळा आले असेन त्यात. एकदा तरी म्हणायचंस."

"तुला दातांच्या डॉक्टरकडं जायचं असायचं."

"अगं, तो काय किनाऱ्यापेक्षा मोठा होता?"

"मला काय माहीत तुला काय मोठं आहे. मी कशी विचारू? घाईत असायचीस."

ती गवताची काडी तोडून बोटाला गुंडाळत राहिली, लहानपणी करायची तशी. दोन सायकलवाले म्हातारे थांबले, मदत हवी का विचारलं, गाडी बघून खूश झाले, मग त्यांनी आपल्या मामाच्या अशाच गाडीची गोष्ट सांगितली. मी त्यांना वाटेला लावलं.

"समुद्र आज गेला," मी म्हणाले.

"हो." तिनं घड्याळ बघितलं. "साडेअकरा. सहाला टोननं जेवायला बोलावलंय. मी पिवळी मदत-गाडी बोलावते, ते उचलून घरी सोडतील."

"माझी गाडी दुसऱ्याच्या पाठीवर बसून गावात शिरणार नाही. हूबला फोन लाव."

हूबचा आवाज फोनमधून बाहेर सांडतो. "जुने पट्टे टाकले नाहीत हो वहिनी, व्हॅनमध्येच आहेत. मी ट्रेलर जोडतो. पाऊण तासात तिथं, दीडपर्यंत तुम्ही घरी. मग दुपारभर आपण तिघं पट्टे चढवू, गप्पा मारू."

मी दीड ते सहा हा वेळ डोळ्यांसमोर आणला. अंगणात जॅक, हूबची बडबड, पाचला टोनची बायको येणार भाजी काय करू विचारायला. पहाटे लीसचं विमान.

"नको येऊस," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"एका पट्ट्यावर चालते ही. चालते की नाही?"

"चालते, पण पंचेचाळीस किलोमीटर, वहिनी! पंचविसाच्या वर न्यायची नाही, आणि थोडं थोडं जाऊन थांबायचं, पट्टा निवू द्यायचा. चार वाजतील. आणि तोही तुटला तर?"

"तर फोन करीन. ठेव."

लीसला म्हणाले, "हूब आज मोकळा नाही. आपलं आपणच जायचं." ती माझ्याकडं बघत होती. मग उठली, फडकं झटकून पावांचं गाठोडं परत बांधलं आणि चालवायच्या बाजूनं आत बसली. न विचारता. बाविसाव्या वर्षानंतर तिनं ती दांडी धरली नव्हती, पण हात बरोबर जागी गेला.

एकच चाक ओढत होतं म्हणून गाडी सारखी डावीकडं जायची. स्टिअरिंग उजवीकडं धरून ठेवावं लागत होतं. "हाताला रग लागेल," मी म्हणाले. "लागू दे," ती म्हणाली. शाळेच्या सहलीची पोरं सायकलींवरून आम्हाला ओलांडून गेली, प्रत्येकानं घंटी वाजवली. मी खिडकीतून हात काढून त्यांना पुढं जायची परवानगी दिली.

पहिल्यांदा थांबलो ते एका चॅपेलपाशी. पट्ट्याला हात लावला, कोमट होता. दोन पाव खाल्ले. तिनं मला त्या गुडघेवाल्या माणसाचं सांगितलं, तो का गेला ते, आणि त्यानंतर ती कशी राहिली ते. नऊ-दहा वर्षांचं होतं सगळं. रविवारच्या फोनमध्ये त्यातलं काहीच मावलं नव्हतं. मी मधे बोलले नाही, आणि ते मला किती जड जातं हे माझ्या घरात विचारा.

परत निघालो तेव्हा ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "आई, हूबकाकांचा ट्रेलर पाऊण तासात येणार होता. ऐकलं मी."

"तो फार बडबडतो."

"हो, ते तर आहेच."

वेगाचा काटा हळूहळू खाली आला आणि पंधरावर थांबला. मागून एक ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजवून निघून गेला.

"पंचवीसपर्यंत चालेल म्हणाला होता तो," मी म्हणाले.

"हे नाही बाई ऐकलं मी," लीस म्हणाली, आणि पाय होता तिथंच ठेवला.