इंजिन थंड करण्याचे थांबे

माझ्या भावाला गाडी लागते. एवढं एक वाक्य बोलायला आमच्या गॅरेजला अकरा वर्षं लागली, आणि शेवटी बोलले मीच, कारण माझ्या जिभेला हाड नाही.

दादा मिस्त्री आहे. नुसता कान लावून तो इंजिनाचं दुखणं ओळखतो. पण दुरुस्त झालेल्या गाडीतून फेरफटका मात्र आमचा रंगारी मारून येतो आणि दादा फाटकाशी उभा राहतो. पाच किलोमीटरच्या पुढे गेला की त्याचा चेहरा पांढराफटक पडतो, मग जे व्हायचं ते होतंच. त्याची लेक व्हॉलीबॉल खेळते, अकरा वर्षं देशाच्या संघात आहे, आणि त्याने तिचा गावाबाहेरचा एकही सामना पाहिलेला नाही. दर वेळी एकच, "काम आहे." काम कसलं, डोंबल!

या वेळी सामना सीमेपलीकडे होता, सहा तासांच्या रस्त्यावर, आणि लेकीचा शेवटचा. तिचा गुडघा आता साथ देत नव्हता. आम्ही सगळ्यांनी जायचं ठरवलं. वहिनी, वेल्डर, रंगारी आणि सीटकव्हरं शिवणारी मी. व्हॅन गॅरेजचीच. दादाने हातातला पाना खाली न ठेवता सांगितलं, "तुम्ही जाऊन या. मला काम आहे."

तेव्हा वेल्डरने युक्ती काढली. जेवणाच्या सुट्टीत त्याने बॉनेटवर कागद पसरला. कोणाचा पासपोर्ट कोणाकडे, सीमेवरच्या तपासणीला किती वेळ, सगळं नीट लिहिलेलं. आणि दर चाळीस मिनिटांनी एक ओळ, 'इंजिन थंड करणे'. अशी आठ वेळा. दादाची लाजही राहील आणि पोटही, असा त्याचा हिशेब.

दादाने कागद वाचला आणि तोच तापला.

"हे इंजिन मी बांधलंय. तिथे पोचेपर्यंत एकदाही गरम होणार नाही. आठ वेळा थंड करायचं? माझी अब्रू काढायची ठरवलीय का?"

रंगाऱ्याला एकदम खोकला आला. वेल्डर स्वतःच्या चपला बघायला लागला.

"ते इंजिनासाठी नाहीयेत रे," मी म्हणाले. "तुझ्यासाठी आहेत. तुला गाडी लागते, दादा. सगळ्यांना माहीत आहे."

दादाने फडकं उचललं आणि पुसलेलेच हात परत पुसत बसला. मला वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

"पोरगी देशासाठी खेळते," तो हळूच म्हणाला, "आणि बाप पिशवी धरून गाडीतून उतरणार. तोही मिस्त्री. लोक तिला हसतील."

वहिनीने सरळ लेकीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि काय झालं ते सांगून टाकलं.

"बाबा, मलाही लागते."

"काय?"

"गाडी. पहिल्या सामन्यापासून. कळलं असतं तर तुम्ही मला पाठवलंच नसतं, म्हणून बोलले नाही. आता लिहून घ्या, संघाच्या बसने जाऊन जाऊन तो रस्ता मला पाठ आहे. घाट संपला की डाव्या हाताला नळ आहे. सीमेच्या अलीकडे मोठं झाड आहे, तिथे सावली असते आणि कोणी बघत नाही."

दादाने वेल्डरच्या कानावरची पेन्सिल ओढली. एकेक 'इंजिन' खोडून तो लेक सांगेल ते लिहीत गेला. नळ. झाड. पुलाच्या पलीकडची मोकळी जागा. पाचव्या ओळीवर पेन्सिल थांबली.

"सगळीकडे एकटीच उतरायचीस? पाठीवर हात ठेवायला कोण होतं?"

"कोणी नाही, बाबा. सवय झाली."

उरलेल्या तीन ओळी दादाने डोळे पुसत लिहिल्या, आणि मी तरी कुठे कोरडी होते!

संध्याकाळी मी त्याच्या समोरच्या सीटच्या पाठीला पिशव्यांसाठी खिसा शिवत होते. दादा मशीनपाशी येऊन उभा राहिला.

"एक नको, दोन शीव," तो म्हणाला. "येताना ती माझ्या शेजारी बसेल."