पहिल्या रांगेतला सायलेन्सर

सात वर्षं मागच्या रांगेत धूर खाल्ल्यावर यंदा पाडव्याच्या शोभायात्रेत हितेंद्र सावंतला मोटारसायकलींच्या पहिल्या रांगेत जागा मिळाली. मागे नऊवारीत झेंडा धरून बायको, अनुजा, बसणार होती. लालबागच्या अख्ख्या चाळीला त्याने हे इतक्यांदा सांगितलं, की लोक त्याला लांबून पाहून जिना बदलायला लागले.

आता पहिल्या रांगेत कंपनीचा गुपचूप सायलेन्सर शोभतो का? साहेबांनी आदल्या दिवशी बाहेरचा मोठ्या तोंडाचा सायलेन्सर बसवून घेतला. आवाज असा, की तळमजल्यावरच्या कमळाबाईंचा मसाल्याचा डबा फळीवरून खाली आला. एकच भानगड झाली. रेस सोडली की गाडी दोन आचके द्यायची आणि बंद पडायची.

दगडू मेकॅनिकने नीट समजावलं. धुराची वाट मोकळी झाली, आता हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट बदलावा लागेल, मग इंजिन चांगलं तापवून आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन चालू राहण्याचा वेग, लावायचं. जेट सणानंतर मिळेल, तोवर जुना सायलेन्सर चढवतो, असंही तो म्हणाला. पण हितेंद्र एका विमा कंपनीच्या तक्रार विभागात बसतो. ऐकून न घेण्याचाच त्याला पगार मिळतो.

घरी येऊन त्याने मोबाइलवर अर्धा व्हिडिओ पाहिला आणि थंड इंजिनावरच आयडलिंगचा स्क्रू पिळला. गाडी उभ्या जागी डरकाळ्या फोडायला लागली, बंद पडेना. गडी खूश. शोभायात्रेत गाडी धावत नाही, माणसांच्या चालीने रांगते, हे सात वर्षं रांगूनही त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

गिरगावात व्हायचं तेच झालं. क्लच सोडला की गाडी पुढे उसळायची आणि लेझीमवाल्या बायका दचकून मागे बघायच्या. शेवटी ढोलपथकाची दर्शना आली. आमचे ढोल आम्हालाच ऐकू येत नाहीत, आवाज कमी करा नाहीतर मागे जा, असं तिने बजावलं.

मागे जायचं? हितेंद्रने तिथेच वाकून स्क्रू सैल केला. गाडी बंद. किक मारली, दहा पावलं गेली, पुन्हा बंद. पाचव्या खेपेला अनुजा खाली उतरली. शेजारून चौसष्ट वर्षांच्या जाईबाई आपली जुनी स्कूटर निवांत चालवत होत्या. अनुजा झेंड्यासकट त्यांच्या मागे बसली.

"तुम्ही या मागून," ती म्हणाली. "आवाज आला की कळेलच मला."

हितेंद्रला रडू यायचंच बाकी राहिलं. फेटा, गॉगल आणि घामाने चिकटलेला झब्बा अशा थाटात तो गाडी ढकलत निघाला. चौकातल्या मंचावरून माधव निवेदन करत होता. त्याने हे ध्यान पाहिलं आणि माइक जवळ ओढला.

"आणि हे आपले कार्यकर्ते! इंधन वाचवा, हा संदेश द्यायला गाडी ढकलत निघालेत. जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. मोबाइल वर झाले. खरं काय ते सांगायला हितेंद्रने तोंड उघडलं, आणि त्याच तोंडाने हसून सगळ्यांना हात केला.

संध्याकाळी त्याला समाजप्रबोधनाची ढाल मिळाली. पुढच्या वर्षीची पहिल्या रांगेतली जागाही मंडळाने तेव्हाच पक्की केली. अट एकच घातली, गाडी सुरू करायची नाही.