आजोबांच्या हातातली जपमाळ

जपानमधल्या योकोहामाच्या कॉन्व्हेंटमध्ये अनघा म्हाताऱ्या सिस्टर ब्रिजिडसमोर बसली होती. त्यांचे आजोबा आयरिश क्रांतिकारक. तुरुंगात त्यांना गोळ्या घातल्या तेव्हा त्यांच्या हातात जपमाळ होती, असं दोन पुस्तकांत छापलेलं होतं. अनघा या आजोबांचं मराठी चरित्र लिहीत होती.

"दुसऱ्या पुस्तकानं पहिल्यातून उचललंय, सिस्टर. पहिल्याच्या लेखकाला तुमच्या आईनं सांगितलं, आणि गोळ्या घातल्या तेव्हा आई तान्ही होती. मला हे लिहिता येणार नाही."

"म्हणजे ते देवाचं नाव न घेताच गेले?"

"त्यालाही पुरावा नाही. तेही मी लिहिणार नाही."

सिस्टरनी स्वतःची जपमाळ मुठीत आवळली.

"पण तुम्ही अजून शोधणार?"

"तुरुंगाची कागदपत्रं मागवली आहेत."

"नका उघडू ती, अनघा-सान. त्यांत जपमाळ नसली तर?" त्या पुटपुटल्या.